फूटरमधला क्रिसांतो

…छापलेलं नाही म्हणजे काय? हे काय आहे मग? इकडे ये, उजेडात ये—हे बघ, पानाच्या अगदी तळाला, रेघेच्या खाली, माझं नख आहे तिथे—चष्मा नाही आणलास? मग मीच वाचते. ‘क्रिसांतो पाल्मारेस यांच्या आत्म्यास शांती लाभो.’ आहे ना? आहे. रोज आहे. तू पैशांचं पाकीट दिलंस, मी नाव घेतलं, नाव छापलं. आता फादर ते मिस्सेच्या प्रार्थनेत वाचत नाहीत, तर मी काय फादरच्या तोंडात जाऊन बसू? आणि रोज पहिल्या बाकावर बसून कान टवकारून ऐकतेस—अगं, दिसतं सगळ्यांना. नावं वाचून संपली की तुझी मान कशी खाली जाते ते मी ऑर्गनच्या मागून बघते. आठवडा झाला, दोन झाले, आज आलीस शेवटी तोंड उघडायला. आणि ते उघडलंस कुणापुढे, मेर्ली? त्याच्या बायकोपुढे. बस. बस ना, उभी राहून माझा पंखा अडवू नकोस.

हे काय आणलंयस, इबोस? केळीच्या—नाही, नारळाच्या पानातले. तूच केलेस? ठेव इथे. एक खाऊन बघते. फादर साडेचारपर्यंत झोपतात, तोवर मला तरी काय काम आहे—उद्याची यादी छापायची, बास. हं. भात जरा कच्चा राहिलाय. नारळाचं दूध पातळ पडलं की असं होतं. याच्यासाठी गेला होय तो? मी म्हणायचे, त्या धक्क्यावरच्या खाणावळीत असं काय शिजतं की माणूस दुपारी जेवायला जातो आणि संध्याकाळी घरीच येत नाही. आज कळलं, काहीच शिजत नाही. दुसरा घेते, पहिल्यावरून ठरवू नये. आणि ती काळी पिन कसली लावलीयस छातीवर? सुतकाची? कोण लागत होता तो तुझा? सांग की. कागदावर लिहायचं झालं तर काय लिहायचं—‘मागणारी: खाणावळवाली’?

बरं बाई, नको रडू. उद्या त्याचा चाळिसावा दिवस, मला माहीत आहे, ते काय तू मला सांगणार? उद्यापर्यंत तो इथेच घुटमळतोय, धक्क्यावर नाहीतर तुझ्या चुलीपाशी, आणि उद्या मिस्सेत नाव पुकारलं की निघणार. नाव पुकारलं नाही तर निघणार कसा, रस्ता कोण दाखवणार, हेच ना तुझं म्हणणं? ‘मनांग, एकदाच, उद्याच्या दिवस फक्त, फादरच्या तोंडून’—मनांग! थोरली बहीण झाले मी तुझी. एकोणीस वर्षं मी बाजारात समोरून आले की मासळीवाल्याच्या आडोशाला लपत होतीस, तेव्हा कुठे गेली होती मनांग? पलीकडच्या गावात जा, तिथेही चर्च आहे, तिथलेही फादर वाचतात. नको? इथेच हवं? शेजारीपाजारी बोलावलेत, डुक्कर सांगून ठेवलंय, सगळे येऊन बाकांवर बसणार आणि सगळ्यांच्या देखत नाव यायला हवं. मग असं सरळ सांग ना. तुला त्याचा रस्ता नकोय, तुला तुझी जागा हवीय.

आता मी तुला समजावते, म्हणजे बाहेर जाऊन मी फसवलं म्हणून सांगू नकोस. पूर्वी ही यादी हाताने लिहायचे मी. वाढदिवसवाले वर, आभारवाले मधे, आजारी त्याच्या खाली, मेलेले शेवटी. मग फादर अन्सेल्मोंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि फादरना वाटतं ते कुणाला माहीत नाही. एकदा त्यांनी एका आजाऱ्याला मेलेल्यांत वाचला. तो माणूस मिस्सेलाच आलेला, उभा राहून म्हणतो, ‘फादर, मी बरा आहे.’ तेव्हापासून कॉम्प्युटर. अक्षर एवढं—बघ, बोटाएवढं—फादर हात लांब करून धरतात आणि वाचतात. माझी भाची जेसिबेल, इलोइलो शहरात कॉल सेंटरला आहे, तिने एक्सेलमध्ये सगळं बसवून दिलं. आणि मॅक्रो करून दिला. मॅक्रो म्हणजे काय—मशीनला एकदा पढवून ठेवायचं, की मी हे बटण दाबलं की तू हे, हे आणि हे करायचं. नवऱ्यासारखं नाही. ते ऐकतं. तर प्रिंटचं बटण दाबलं की छापायच्या आधी मॅक्रो प्रत्येक पानाचा तळ भरतो—पान कितवं, एकूण किती, तारीख, आणि वेदीवरची फुलं कुणी दिली त्यांचं नाव. त्या तळाच्या पट्टीला फूटर म्हणतात. फूटरचं अक्षर बारीक ठेवायचं, नाहीतर यादी खातं.

फुलांवरून आठवलं—ऐक, हसशील—ऊसवाल्या मॉन्टेलिबानोंकडून फुलं आलेली. मी फूटरमध्ये घातलं, मॉन्टेलिबानो आणि फॅमिली. ‘आणि’साठी ती इंग्रजीतली वेटोळी खूण टाकली, तिला लागूनच फॅमिलीचा नुसता एफ, जागा वाचावी म्हणून. मला काय माहीत, फूटरमध्ये ती खूण म्हणजे हुकूम असतो! तिच्यापुढे एफ आला की मशीन फाइलचं नाव छापतं. आणि माझ्या फाइलचं नाव काय? ‘मेलेले’. झालं, सगळ्या पानांच्या तळाला—‘फुलं: मॉन्टेलिबानो मेलेले’. आठवडाभर! कागद बाहेरच्या फळ्यावर टाचलेला, डोन्या मॉन्टेलिबानो स्वतः गॉगल वर करून वाचत होती. काय थयथयाट केला तिने या खोलीत, तू बसलीयस ना, त्याच खुर्चीत. मी पाया पडले, रडले, दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं. पण रात्रभर माझ्या डोक्यात एकच—सात दिवस फादरनी तोच कागद हातात धरला, सात दिवस तळाला एवढं मोठं घराणं मरून पडलंय, आणि फादरना पत्ता नाही. फूटर फादरना दिसतच नाही. तो भाग त्यांच्यासाठी कागदच नाही.

मग काय, मला एक खोली मिळाली. हो, खोलीच. या पॅरिशमध्ये माझी स्वतःची अशी एक खोली. यादीत शेवटचा एक रकाना केला मी—फादरला लागत नाही म्हणून अरुंद, लपवलेला—त्यात कुणाच्या नावापुढे एक टिंब टाकलं की मॅक्रो ते नाव वरून उचलतो आणि फूटरमध्ये नेऊन ठेवतो. जेसिबेलला सांगितलं, जागा वाचवायला हवंय. तिने केलं बिचारीने. पहिली गेली ती सुईण, सालोमे. कारण? भर कॉयरमध्ये म्हणाली, फेलीचा आवाज फुटका आहे. बस मग तळाला, तुझी आई आणि तुझे दोन भाऊ. मग तो जीपनीवाला, ज्याने मला पावसात थांबा सोडून पुढे उतरवलं—त्याच्या बापाची पुण्यतिथी फूटरमध्ये. एक बाई यायची, दर वेळी टेबलावर कोपर ठेवून ‘लवकर करा हं’ म्हणायची, तिची मुलगी दुबईची, सुखरूप पोचल्याचे आभार—फूटरमध्ये. लोक बसायचे पुढे, फादर वाचत जायचे, आणि यांचं नाव येतंय, आता येतंय, येतच नाही—तो चेहरा, मेर्ली! तू आरशात बघितला असशील. तक्रार करायला आले की मी कागद पुढे ठेवायची. हे काय, छापलंय की. पैसे घेऊन नाव गाळणं पाप आहे, मी पाप करत नाही. फादर वाचत नाहीत पण देव वाचतो ना? देवाचे डोळे काही फादरसारखे नाहीत. यावर कोण काय बोलणार!

फक्त एक अडचण. फूटरमध्ये फार माणसं मावत नाहीत. अडीचशेच्या वर अक्षरं झाली की मशीन हटून बसतं, काहीतरी इंग्रजीत ओरडतं आणि छापतच नाही. मग मला निवडायला लागायचं—सालोमेची आई ठेवू का जीपनीवाल्याचा बाप. आठवड्याला एकदोघांना क्षमा करावीच लागायची. लोक म्हणायचे, मनांग फेली हल्ली मवाळ झाली. कसली मवाळ, जागा नव्हती.

आणि मग ऑक्टोबरात हा गेला. तुला वाटलं असेल हॉस्पिटलातून तू त्याला घरी नेशील. रात्रंदिवस उशाशी बसलीस, भांडी उचललीस, नळ्या धरल्यास, सगळं ऐकलंय मी—आणि शेवटी कागदावर सही कुणाची? बायकोची. मी गेले, काळे कपडे घालून, लग्नाचा दाखला घेऊन, जो तुझ्याकडे कधी नव्हता आणि या देशात कधी होणारही नव्हता, कारण इथे घटस्फोट नाही, नवरा पळून जाऊ शकतो पण सुटू शकत नाही. नर्स तुला म्हणाली, ‘तुम्ही कोण?’ मला सगळं ऐकू आलं, मी दारातच होते. तू काय उत्तर दिलंस ते मात्र नीट ऐकू आलं नाही. काय म्हणालीस? काहीच नाही? बरोबर, काय म्हणणार. मी पेटी उचलली आणि माझ्या माहेरी नेली, डोंगरापलीकडे, आमच्या घराण्याच्या थडग्यात. तू आलीस तिथेही. समोरच्या दुकानापाशी उभी होतीस, उन्हात, छत्रीसुद्धा नाही. मी काय दुष्ट आहे का? कॉफी आणि बिस्किटं पाठवली की नाही बाहेर? पाठवली. मयताला आलेल्याला रिकामं पाठवू नये. प्यायलीस का नाही ते मी बघितलं नाही. बघितलं. नाही प्यायलीस.

तर मग तू पाकीट घेऊन इथे आलीस—तुझी हिंमत, मानलं मी—आणि मी नाव टाइप केलं आणि टिंब टाकलं. आणि बाकी सगळ्यांना मी वर सोडलं. सालोमेची आई वर, जीपनीवाल्याचा बाप वर, सगळ्यांना एका दिवसात माफी. फूटर रिकामा केला. एकटा तो. का म्हणजे? जागा लागते एखाद्याला. तो पाय पसरून झोपणारा माणूस होता, तुला ठाऊक असेलच.

आता तुला एक गंमत सांगते. मी काय समजले होते—वर असता तर एकदा वाचला असता, फादर म्हणाले असते ‘क्रिसांतो पाल्मारेस’, आणि पुढचं नाव, संपलं. खाली टाकला की झाकला गेला. पण फूटर म्हणजे एकदा नसतो गं. फूटर प्रत्येक पानाला असतो. नोव्हेंबर, सगळ्या मेलेल्यांचा महिना, यादी एवढी जाड, सगळ्या गावाचे आजे-पणजे—आणि छापताना मी इथे बसलेली, प्रिंटर एकेक पान बाहेर टाकतोय, आणि प्रत्येक पानाच्या तळाला तो. एक पान, क्रिसांतो. दुसरं पान, क्रिसांतो. कडा कापायच्या, पानं जुळवायची, टाचणी मारायची, प्रत्येक वेळी अंगठा बरोबर त्याच्यावर. दुसऱ्या कुणाच्या मेलेल्याला या गावात एवढ्या वेळा कुणी छापलेलं नाही. जेसिबेल म्हणाली फोनवर, ‘तीता, फक्त शेवटच्या पानावर आणायचं असेल तर एक ओळ घालते मॅक्रोत, मिनिटाचं काम आहे.’ म्हटलं राहू दे. उगाच मशीन बिघडेल. काय बघतेस अशी? मशीन बिघडतं म्हणून म्हटलं. इबोस घे, तूच केलेस ना, मी एकटीने किती खायचे.

आणि उद्या त्याला वर घेता येणार नाही, मेर्ली. ते विसरच. खरंच नाही येणार. मी घेतला तरी फादर वाचता वाचता थांबतील आणि म्हणतील—काही नाही. नाही येणार म्हटलं ना. अगं, फादरना वाटेल की—हे बघ, फादर अन्सेल्मो इथे आले ते तू त्याला नेल्यानंतर. दुसऱ्या बेटावरून आले, त्यांना इथलं काय ठाऊक? त्यांना वाटतं मी केव्हाची विधवा. मीच सांगितलं. तोंडाने नाही सांगितलं, यादीत सांगितलं. विधवांच्या मंडळाची अध्यक्ष केलंय त्यांनी मला, ते काय नवरा खाणावळीत जेवतोय म्हणून? गावात फादरना कोण सांगणार? प्रत्येकाला पोराच्या बाप्तिस्म्याचा दाखला लागतो, लग्नाचा लागतो, आणि दाखले या कपाटात आहेत. म्हणून तर दफन डोंगरापलीकडे केलं, दुसऱ्या फादरकडे. उद्या फादरनी वाचलं, ‘क्रिसांतो पाल्मारेस, चाळिसावा दिवस’—तर म्हणतील, मनांग फेली, याला तर मी दर वर्षी…

…बरं, ऐकायचंच आहे तर ऐक. मला कुणाची भीती आहे? तू त्याला नेलंस ती तारीख, फिएस्ताच्या जत्रेनंतरची. त्या तारखेला दर वर्षी मी त्याला मेलेल्यांत घालत होते. हो, जिवंत असताना. पुढे मॅक्रोतच घालून ठेवला, तारीख आली की आपोआप वर येतो, मला हातही लावायला नको. ‘क्रिसांतो पाल्मारेस यांच्या आत्म्यास’, फादर मोठ्याने वाचायचे, अख्खं चर्च ‘आमेन’ म्हणायचं, मागे चारदोन जणी एकमेकींना कोपराने ढोसायच्या—ढोसू देत. जिवंत माणसाच्या नावाने मेलेल्याची मिस्सा वाचली की काय होतं ते आमच्या आजीला विचारायला हवं होतंस. माणूस आतून वाळतो. पहिल्या वर्षी काही झालं नाही. पाचव्या वर्षी त्याचा पंपबोटीच्या पंख्यात अंगठा गेला, मी म्हटलं, चला, सुरुवात झाली. या ऑगस्टमध्येही वाचलं. आणि ऑक्टोबरात—लागलं की नाही? वेळ लागला, पण लागलं. तू नळ्या धरून बसली होतीस आणि तो माझ्या आमेनने चालला होता, इंदाय, पोरी. तेवढं तरी माझं होतं.

हसतेस?

हसतेस काय, बाई? नवरा म्हण, कुणी म्हण, मेलाय तो तुझा, आणि दात काढतेस? रुमाल घे. रडतेस का हसतेस ते एकदा ठरव. काय? मोठ्याने बोल, पंख्यात ऐकू येत नाही. यायचा? कोण यायचा? इथे? दर वर्षी? …खोटं. मी इथेच असते, मला दिसला असता. खांबामागे? सान आंतोनियोच्या पुतळ्यापाशी, डोक्यावर टोपी ओढून? चर्चमध्ये टोपी—त्याला मॅनर्स कधीच नव्हते. मग? ऐकायला यायचा? स्वतःचं नाव ऐकायला?

आणि मग घरी येऊन काय—पानसित? कसलं पानसित? लांब शेवयांचं, वाढदिवसाला करतात ते, आयुष्य लांबावं म्हणून? तू करायचीस? दर वर्षी, त्याच दिवशी? शेजाऱ्यांना बोलावून? …बियर पण. …‘फेलीने आज परत पुरला मला, आणखी एक वर्ष वाढलं, वाढा’—असं म्हणायचा? सगळ्यांसमोर? आणि सगळे हसायचे. आणि तूही. त्याचा आवाज काढू नकोस, मेर्ली. काढू नकोस म्हटलं ना, तुला जमत नाही, तो ‘फेली’ असा म्हणायचाच नाही. तो ‘फे’ म्हणायचा. तुला ते माहीत नाही. माहीत आहे?

…मी त्या दिवशी उपास करायचे. दिवसभर, पाणीसुद्धा संध्याकाळी. खालच्या रस्त्याने गाणं ऐकू यायचं दर वर्षी, कुणाचा तरी वाढदिवस म्हणून मी खिडकी लावून घ्यायचे.

बस तू. नाही, ऊठ. पण जाऊ नकोस, तुला दाखवायचंय काहीतरी. उद्याची यादी छापायची आहे ना, समोरच छापते, तुझ्या डोळ्यांदेखत, मग म्हणायला नको. वर कुठे? वर नाही घेत त्याला. ही बघ, यादीतली ही त्याची ओळ, टिंबासकट—काढली. दर वर्षीच्या तारखेची ही ओळ, मॅक्रोमधली—हीही गेली. आता हा फूटर. जेसिबेलने शिकवलंय मला, दोन खुणांच्या मधे जे असतं ते छापतं, ते पुसलं की झालं. आधी आडनाव. ते माझ्याकडेच राहील, तुला कधी मिळालंच नव्हतं. आता नाव. एवढंसं तर आहे. रडू नकोस, हात सोड माझा. सोड. माऊस पडेल. हात सोड म्हटलं ना!

हं. हे घे. गरम आहे कागद, जपून. आता चष्म्याची गरज नाही, तळाला बघ. काय लिहिलंय? पान एक, एकूण चौदा. बास. दुसरं बघ. पान दोन, एकूण चौदा. बघ ना, सगळी बघ, उलटून बघ. मला काय बघतेस, मी ठीक आहे. घंटा झाली, फादर उठले असतील. त्यांच्याकडे जायचं तर खुशाल जा. ते चष्मा शोधतील, कागद मागतील, आणि कागदावर नाही त्याला या चर्चमध्ये कुणी ओळखत नाही. आणि मला बोलावून विचारलं तर मी सांगेन, फादर, या पॅरिशमध्ये त्या नावाचं कुणी मेलेलंच नाही. दार ओढून घे.